मंद इलेक्ट्रॉन, लहान रेणू आणि हवेचा निरोधक गुण

१. प्रश्न कोठून उद्भवतो

मंद इलेक्ट्रॉनांचे लहान रेणूंकडून होणारे प्रकीर्णन हा विषय पदव्युत्तर अभ्यासक्रमात बहुधा पुंजयामिकीच्या अखेरच्या प्रकरणात येतो आणि परीक्षेपुरता वाचून बाजूस ठेवला जातो. त्यामुळे हा विषय निव्वळ गणिती कसरतीचा आहे, अशी समजूत दृढ होते. ती समजूत दूर करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. नायट्रोजनाच्या रेणूविषयीच्या एका संख्येत दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टाची चूक झाली, तर डोक्यावरील हवा केव्हा वीजवाहक होईल याविषयीचा आपला हिशेबच बिघडतो. आणि ती संख्या अचूक मिळवावयाची तर रेणूकडे पाहण्याची दृष्टीच बदलावी लागते, हे येथे दाखवावयाचे आहे.

उदाहरणासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा हे गाव आहे. १९७३ साली बाबा आमटे यांनी तेथे सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पामुळे ते सर्वांस परिचित आहे. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्यांच्या संगमाजवळचा हा सारा मुलूख दाट अरण्याचा आहे. येथील माणसाचे बरेचसे काम उघड्यावर चालते. मे महिन्यात तेंदूपानांची तोडणी आणि पावसाळ्यात बांधीतील धानाची रोवणी या दोन्ही वेळा ढगांच्या गडगडाटाच्या आहेत. अशा वेळी मोहाच्या किंवा सागाच्या झाडाखाली आसरा घेणे किती घातक ठरते, हे पूर्व विदर्भात कोणास सांगावयास नको. वीज पडते म्हणजे काय होते, हा प्रश्न त्यामुळे येथे केवळ ग्रंथगत राहत नाही.

हवा सामान्यतः उत्तम विद्युत् निरोधक आहे. समुद्रसपाटीवरील कोरड्या हवेत विद्युत् क्षेत्राची तीव्रता दर सेंटिमीटरास सुमारे ३० किलोव्होल्ट झाली, म्हणजे तिचा हा गुण मोडतो. हवेची घनता जितकी कमी, तितके हे क्षेत्रही कमी पुरते; सुमारे ६ किलोमीटर उंचीवर घनता जवळजवळ निम्म्यावर येते आणि त्याबरोबर आवश्यक क्षेत्रही निम्म्याच्या आसपास येते. तथापि प्रत्यक्ष ढगांत मोजलेली क्षेत्रे याहूनही बरीच कमी आढळतात. पाण्याच्या थेंबांच्या व हिमकणांच्या टोकांपाशी क्षेत्र स्थानिक रीत्या वाढत असले पाहिजे, असे एक स्पष्टीकरण त्यासाठी दिले जाते. तो वाद आपण येथे बाजूस ठेवू. आपला प्रश्न त्याच्याही आधीचा आहे : ३० किलोव्होल्ट हीच मर्यादा का? ती ३ किंवा १०० का नाही? तिचे उत्तर इलेक्ट्रॉन आणि रेणू यांच्या टकरींत आहे.

२. ऊर्जेचा जमाखर्च

हवेत काही मोजके मुक्त इलेक्ट्रॉन नेहमीच असतात. विद्युत् क्षेत्र त्यांना वेग देते आणि रेणूंशी होणाऱ्या टकरी तो हिरावून घेतात. एखाद्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा पुरेशी वाढली, तर तो रेणूतून दुसरा इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. या क्रियेला आयनीभवन म्हणतात. त्यासाठी ऑक्सिजनाच्या रेणूला १२.०७ आणि नायट्रोजनाच्या रेणूला १५.५८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (यापुढे इ.व्हो.) ऊर्जा लागते. एकाचे दोन, दोहोंचे चार अशा रीतीने इलेक्ट्रॉनांची संख्या वाढू लागली की हवा वीजवाहक बनते.

आता हिशेब करू. टकरीची शक्यता 'काटच्छेद' या राशीने व्यक्त करतात. इलेक्ट्रॉनाच्या दृष्टीने रेणू जणू तेवढ्या क्षेत्रफळाची ढाल असतो. काही इ.व्हो. ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनासाठी नायट्रोजनाचा काटच्छेद सर्वसाधारणपणे १० चौरस अँगस्ट्रॉमच्या आसपास आहे. समुद्रसपाटीवर एका घन सेंटिमीटरात २.५ गुणिले १० चा १९ वा घात इतके रेणू असतात. यावरून दोन टकरींमधील सरासरी मार्ग ०.४ मायक्रोमीटर येतो. दर सेंटिमीटरास ३० किलोव्होल्ट क्षेत्रात एवढे अंतर इलेक्ट्रॉन क्षेत्राच्या दिशेने सरळ गेला, तरी त्याला जास्तीत जास्त १.२ इ.व्हो. मिळतात. म्हणजे आयनीभवनाच्या पायरीपर्यंत पोहोचण्यासाठी मिळकत अनेक टकरींतून वाचवून साठवावी लागते. खर्च किती होतो, यावर सर्व काही अवलंबून आहे.

टक्कर स्थितिस्थापक असेल, तर खर्च नगण्य असतो. नायट्रोजनाचा रेणू इलेक्ट्रॉनाच्या सुमारे ५१ हजार पट जड आहे. त्यामुळे अशा टकरीत इलेक्ट्रॉन आपल्या ऊर्जेचा सरासरी पंचवीस हजारावा भाग गमावतो. परंतु त्याच टकरीत रेणू कंपन पावू लागला, तर एका कंपन-पुंजाला ०.२९ इ.व्हो. ऊर्जा मोजावी लागते. २.३ इ.व्हो. ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनाला तीन हजारांहून अधिक स्थितिस्थापक टकरींत जेवढे नुकसान सोसावे लागेल, तेवढे या एका टकरीत होते.

या खर्चाचे महत्त्व आरगॉन वायूच्या तुलनेने स्पष्ट होते. आरगॉनाच्या आयनीभवनाला १५.७६ इ.व्हो. लागतात, म्हणजे नायट्रोजनापेक्षा किंचित अधिकच. तरीही आरगॉनाचा निरोधक गुण नायट्रोजनाच्या मानाने पुष्कळच कमी क्षेत्रात मोडतो. आरगॉन एकाणु वायू आहे. त्याला कंपन नाही, परिभ्रमण नाही. ११.५ इ.व्हो.पर्यंत त्याच्याशी होणाऱ्या टकरी केवळ स्थितिस्थापक असतात आणि इलेक्ट्रॉन बिनबोभाट श्रीमंत होत जातो. नायट्रोजनाच्या बाबतीत मात्र २ ते ४ इ.व्हो.च्या टापूत एक मोठा जकातनाका आहे. तो नाका नेमका कोठे आहे आणि तेथील वसुली किती, हे शोधणे म्हणजेच मंद इलेक्ट्रॉनांच्या प्रकीर्णनाचे गणित करणे.

३. लक्ष्य की भागीदार

जलद इलेक्ट्रॉनाच्या प्रकीर्णनात रेणूला एक स्थिर लक्ष्य मानून चालते. इलेक्ट्रॉन येतो, किंचित वळतो आणि निघून जातो. रेणूला त्याची दखल घेण्यास सवडच मिळत नाही. मंद इलेक्ट्रॉनाची गोष्ट निराळी आहे. २.३ इ.व्हो. ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी सुमारे ८ अँगस्ट्रॉम असते, तर नायट्रोजनाच्या रेणूतील दोन अणुकेंद्रांमधील अंतर अवघे १.१ अँगस्ट्रॉम आहे. म्हणजे तरंग रेणूपेक्षा मोठा आहे. 'इलेक्ट्रॉन रेणूच्या कोणत्या भागावर आदळला' हा प्रश्न येथे निरर्थक ठरतो. १९२१ साली राम्झाउअर यांना आरगॉनामध्ये एक इ.व्हो.हून कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन जवळजवळ अडथळ्यावाचून जातात असे आढळले, त्याचे मर्मही या तरंगरूपातच आहे.

या तरंगावर रेणूचा परिणाम तीन प्रकारांनी होतो. पहिला परिणाम स्थिर विद्युत् वर्चसाचा, म्हणजे अणुकेंद्रे आणि रेणूतील इलेक्ट्रॉनांचा ढग यांच्या एकत्रित आकर्षण-प्रतिकर्षणाचा. दुसरा विनिमयाचा. बाहेरून आलेला इलेक्ट्रॉन आणि रेणूतील चौदा इलेक्ट्रॉन एकमेकांपासून ओळखता येत नाहीत. म्हणून पाऊलीच्या विवर्जन तत्त्वानुसार तरंग फलन कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांच्या अदलाबदलीत चिन्ह बदलणारे असले पाहिजे. विनिमयामुळे समीकरण स्थानिक राहत नाही : एका बिंदूवरील वर्चस् साऱ्या अवकाशातील तरंग फलनावर अवलंबून राहते. तिसरा परिणाम ध्रुवीकरणाचा. मंद इलेक्ट्रॉन जवळ येऊ लागताच रेणूतील इलेक्ट्रॉन-ढग त्याच्यापासून किंचित दूर सरकतो आणि त्यातून एक नवे आकर्षण निर्माण होते. दूर अंतरावर हे आकर्षण अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात कमी होते.

पहिल्या दोन परिणामांचे गणित रेणू गोठलेला आहे असे मानून करता येते. तिसरा परिणाम म्हणजे रेणूने पाहुण्याची घेतलेली दखल. ती घेतली की रेणू केवळ लक्ष्य राहत नाही. तो भागीदार होतो, आणि आपल्याला चौदा नव्हे तर पंधरा इलेक्ट्रॉनांचा प्रश्न सोडवावा लागतो.

४. नायट्रोजनाचे अनुस्पंदन

नायट्रोजनाच्या रेणूत भरलेल्या ऑर्बिटलांच्या वर एक रिकामे पाय-प्रकारचे विबंधी ऑर्बिटल आहे. आलेला इलेक्ट्रॉन या जागेत काही काळ राहू शकतो. या ऑर्बिटलाची सममिती अशी आहे की, त्यात शिरणाऱ्या तरंगाच्या कोनीय संवेगाचा पुंजांक किमान २ असावा लागतो. कोनीय संवेगाबरोबर केंद्रोत्सारी अडथळा येतो. पुंजांक क आणि अंतर र असेल, तर आण्वीय एककांत त्याची उंची क(क+१)/२र² इतकी असते; क = २ असता ती ३/र² होते. २.३ इ.व्हो. म्हणजे या एककांत ०.०८४५. या दोहोंची बरोबरी केली असता र सुमारे ६ बोर-त्रिज्या, म्हणजे ३.२ अँगस्ट्रॉम येतो. या अंतराच्या आत अडथळा इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जेहून उंच आहे आणि त्याच्याही आत रेणूच्या आकर्षणाची खोलगट जागा आहे. इलेक्ट्रॉन अडथळ्यातून बोगद्यासारखा आत शिरतो, काही काळ कोंडला जातो आणि त्याच वाटेने बाहेर पडतो. यालाच आकारजन्य अनुस्पंदन म्हणतात. त्याच अंतरावर ध्रुवीकरणाच्या आकर्षणाचे मूल्य काढले, तर ते ०.१२ इ.व्हो. भरते. अडथळ्याच्या मानाने हे अल्प आहे. परंतु आत जावे तसे ध्रुवीकरण झपाट्याने वाढते आणि कोंडलेल्या अवस्थेची ऊर्जा खाली ओढते.

१९६० च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज शुल्ट्स यांनी एकाच ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा झोत वापरून नायट्रोजनाच्या कंपनांचे उत्तेजन मोजले. २.३ इ.व्हो.च्या आसपास ते एकाएकी वाढते आणि त्यावर शिखरांची एक माळ दिसते, असे त्यांना आढळले. एकूण काटच्छेदही याच टापूत सुमारे तिप्पट होतो. अवस्थेची रुंदी साधारणतः ०.४ इ.व्हो. धरली, तर अनिश्चिततेच्या संबंधावरून तिचे आयुष्य १.६ फेमटोसेकंद येते. (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश.) मुक्त इलेक्ट्रॉनाला ३ अँगस्ट्रॉम अंतर कापण्यास त्याचा पाचवा हिस्साच वेळ पुरतो. तेव्हा इलेक्ट्रॉन रेणूपाशी खरोखरच रेंगाळतो आणि या रेंगाळण्यातच कंपनाची जकात वसूल होते.

५. दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी

अनुस्पंदनाची ऊर्जा म्हणजे पंधरा इलेक्ट्रॉनांच्या संहतीची ऊर्जा वजा चौदा इलेक्ट्रॉनांच्या संहतीची ऊर्जा. चौदा इलेक्ट्रॉनांच्या नायट्रोजन रेणूची एकूण ऊर्जा सुमारे उणे २,९८० इ.व्हो. आहे. अशा दोन प्रचंड संख्यांच्या वजाबाकीतून २.३ ही संख्या मिळवावयाची आहे, आणि तीही दशांशाच्या अचूकतेने. शिवाय इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळून फिरतात. या सहसंबंधामुळे येणारी ऊर्जाच सुमारे १५ इ.व्हो. आहे, म्हणजे हव्या असलेल्या उत्तराच्या सहापट. दोन्ही संहतींत सहसंबंध सारख्याच प्रमाणात हिशेबात घेतला नाही, तर वजाबाकीचे उत्तर विश्वसनीय राहणार नाही.

रेणू गोठलेला मानून, म्हणजे स्थिर वर्चस् आणि विनिमय एवढेच घेऊन गणित केले, तर नायट्रोजनाचे अनुस्पंदन सुमारे ४ इ.व्हो.वर येते. जकातनाका दीड इ.व्हो.हून अधिक वर सरकतो. त्याचा परिणाम काय होईल? कागदावरील इलेक्ट्रॉन २ इ.व्हो.च्या टापूतून विनासायास पार होतील आणि त्यांच्या ऊर्जेचे वितरण प्रत्यक्षाहून निराळे येईल. आयनीभवन या वितरणाच्या शेवटच्या टोकातील मोजक्या इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असते. म्हणून वितरणातील थोडा फेरही आयनीभवनाच्या दरात मोठी चूक घडवून आणतो. उलट, पंधरा इलेक्ट्रॉनांच्या संहतीला सहसंबंधाची सवलत अधिक दिली आणि चौदांच्या संहतीला कमी, तर अनुस्पंदन प्रमाणापेक्षा खाली येते. यास्तव या क्षेत्रात 'अधिक मोठे गणित' याचा अर्थ आपोआप 'अधिक चांगले गणित' असा होत नाही. समतोल ही खरी कसोटी आहे.

हा समतोल राखण्याचा एक प्रशस्त मार्ग म्हणजे आर-मॅट्रिक्स पद्धती. विग्नर आणि आयझेनबड यांनी १९४७ साली ती अणुकेंद्रीय प्रक्रियांसाठी मांडली आणि १९७० च्या दशकात ती रेणूंना लावली जाऊ लागली. गावाला शीव असते तशी रेणूभोवती सुमारे १० बोर-त्रिज्येच्या गोलाची एक शीव कल्पावयाची. शिवेच्या आत आलेला इलेक्ट्रॉन गावातल्यांपैकीच एक होतो. तेथे विनिमय व सहसंबंध यांसह पंधराही इलेक्ट्रॉनांचे गणित, ऊर्जेवर अवलंबून न ठेवता, एकदाच करावयाचे. शिवेबाहेर तो एकटा प्रवासी असतो आणि त्याला केवळ दूरवरचे चतुर्ध्रुवी व ध्रुवीकरणाचे आकर्षण जाणवते. तेथील साधी अवकल समीकरणे प्रत्येक ऊर्जेसाठी झटपट सुटतात. दोन्ही उत्तरे शिवेवर जुळवली की काटच्छेद मिळतो. श्विंगर यांच्या विचरण तत्त्वावर आधारलेली बहुमार्गी पद्धतीही हेच साध्य निराळ्या वाटेने गाठते; टाकात्सुका आणि मॅकॉय यांनी ती १९८१ साली मांडली.

६. सदसत् ऊर्जा आणि महाराष्ट्रातील काम

रसायनशास्त्रज्ञांनी स्थिर रेणूंसाठी तयार केलेली समर्थ गणिते याच कामासाठी का वापरू नयेत, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. अडचण अशी की, तात्पुरती ऋण आयन-अवस्था ही बद्ध अवस्था नव्हे. सर्वांत कमी ऊर्जा शोधणारे गणित चालविले आणि त्याला मोकळीक देत गेले, तर ते जास्तीचा इलेक्ट्रॉन रेणूपासून दूर नेऊन सोडते. उत्तर 'नायट्रोजन आणि एक मुक्त इलेक्ट्रॉन' असे येते. गणिताच्या दृष्टीने ते बरोबर असते, पण आपला प्रश्न अनुत्तरित राहतो.

या कोंडीतून वाट दाखविणारी कल्पना सीगर्ट यांनी १९३९ साली मांडली. क्षय पावणाऱ्या अवस्थेची ऊर्जा सदसत् संख्या मानावी. तिचा सत् भाग अनुस्पंदनाचे स्थान सांगतो, आणि असत् भाग रुंदीच्या निम्म्याइतका, ऋण चिन्हाचा असतो व क्षयाचा वेग सांगतो. मात्र अशा अवस्थेचे तरंग फलन दूर अंतरावर वाढत जाते. त्याला आवर घालण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात इलेक्ट्रॉनाचे निर्देशक सदसत् प्रतलात एका कोनातून फिरवितात. १९७१ साली या रीतीचा गणिती पाया घातला गेला. दुसऱ्यात रेणूपासून काही अंतरावर एक असत् वर्चस् ठेवतात. बाहेर पडणारा तरंग त्यात शोषला जातो आणि माघारी फिरत नाही. दोहोंचे फळ एकच : क्षय पावणारी अवस्था बद्ध अवस्थेसारखी हाताळता येते, आणि रसायनशास्त्रातील सहसंबंधाची सर्व साधने उपयोगी पडू लागतात.

या दोन्ही मार्गांवर महाराष्ट्रात उल्लेखनीय काम झाले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मनोज मिश्रा आणि त्यांचे सहकारी यांनी निर्देशक फिरविण्याची रीत इलेक्ट्रॉन-प्रचालकाच्या गणिताशी जोडली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधात नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि ॲसिटिलीन या तीन रेणूंच्या आकारजन्य अनुस्पंदनांचा विचार आहे. प्रचालकाच्या गणितात दोन संहतींचा फरकच थेट काढला जातो. त्यामुळे वजाबाकीचे संकट मुळातच टळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सौरव पाल यांनी युग्मित-गुच्छ सिद्धांताचे फॉक-अवकाशातील रूप विकसित केले होते. वाय. सजीव, रॉबिन संत्रा आणि पाल यांनी २००५ साली त्यात शोषक वर्चस् घालून नायट्रोजनाच्या याच अनुस्पंदनाचे गणित केले. तेथेही चौदा व पंधरा इलेक्ट्रॉनांच्या संहती एकाच पायावर उभ्या केल्या जातात आणि समाईक सहसंबंध आपोआप वजा होतो. वर वर्णन केलेला समतोल या पद्धतीच्या रचनेतच अंतर्भूत आहे.

७. अणुकेंद्रांची हालचाल

आतापर्यंत अणुकेंद्रे स्थिर धरली. जकात तर कंपनाची आहे. तेव्हा त्यांना हलू दिलेच पाहिजे. नायट्रोजनाच्या एका कंपनास सुमारे १४ फेमटोसेकंद लागतात, आणि आयन-अवस्थेचे आयुष्य त्याच्या जेमतेम नवव्या भागाइतके आहे. इलेक्ट्रॉन विबंधी जागेत शिरताच बंध सैल होतो आणि अणुकेंद्रे दूर सरकू लागतात. पण एक फेरी पुरी होण्याच्या आत बहुतेक वेळा इलेक्ट्रॉन निसटतो. फार थोडा अंश एक फेरी करून परततो आणि निघालेल्या तरंगाशी व्यतिकरण पावतो. फेकलेले बूमरँग एकदाच परत यावे तशी ही क्रिया असल्याने हर्झेनबर्ग यांच्या या सिद्धांताला बूमरँग सिद्धांत असे नाव पडले. शुल्ट्स यांच्या शिखरमाळेचा उलगडा यातून झाला. शिखरे आयनाच्या कंपन-पातळ्यांवर पक्की बसलेली नसून रेणूचे अंतिम कंपन बदलले की ती सरकतात, ही विलक्षण गोष्टही त्यातून समजली. अवस्था दीर्घायुषी असती, तर शिखरे एकाच जागी राहिली असती. ऑक्सिजनाच्या बाबतीत नेमके तसेच घडते.

८. ऑक्सिजन आणि जलबाष्प

नायट्रोजन ऊर्जा हिरावतो. ऑक्सिजन खुद्द इलेक्ट्रॉनच हिरावतो. ऑक्सिजनाच्या रेणूची इलेक्ट्रॉन-आसक्ती ०.४५ इ.व्हो. असल्याने त्याचा ऋण आयन स्थिर आहे. मंद इलेक्ट्रॉन रेणूवर बसतो; तिसरा एखादा रेणू त्याच क्षणी आदळून जास्तीची ऊर्जा घेऊन गेला, तर तो तेथेच राहतो. ब्लॉख आणि ब्रॅडबरी यांनी १९३५ साली या क्रियेची उपपत्ती दिली. अधिक ऊर्जेच्या टकरींत दुसरी क्रिया चालते. इलेक्ट्रॉन बसल्यावर रेणू फुटतो आणि एक ऋण आयन व एक अणू मिळतो. बंध तोडण्यास ५.१२ इ.व्हो. लागतात आणि अणूला इलेक्ट्रॉन चिकटताना १.४६ परत मिळतात. म्हणून या क्रियेचा उंबरठा सुमारे ३.७ इ.व्हो.वर असून तिचे शिखर ६.५ इ.व्हो.च्या जवळ आहे. आयनीभवनाने मिळणारे इलेक्ट्रॉन आणि या संलग्नतेने हरपणारे इलेक्ट्रॉन यांची तोंडमिळवणी जेथे होते, तीच हवेच्या निरोधक गुणाची मर्यादा. ३० किलोव्होल्ट हा आकडा अशा रीतीने दोन रेणूंच्या अल्पायुषी ऋण आयनांशी बांधलेला आहे.

संलग्नतेच्या प्रयोगांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने दीर्घकाळ काम केले आहे. ई. कृष्णकुमार, वैभव प्रभुदेसाई आणि नायजेल मेसन यांनी २०१८ साली दाखविले की, हायड्रोजनासारख्या पूर्ण सममित रेणूलाही एक इलेक्ट्रॉन चिकटून तो फुटला, तर सुटणारे ऋण आयन पुढे आणि मागे सारख्या संख्येने जात नाहीत. विरुद्ध सममितीच्या दोन अवस्था एकाच वेळी, परस्परांशी सुसंगत अशा उभ्या राहतात आणि त्यांच्या व्यतिकरणातून ही असमता येते. प्रत्येक अनुस्पंदनाचा हिशेब सुटा करून शेवटी बेरीज घेणारे गणित येथे अपुरे पडते. सिद्धांताला प्रयोगाने घातलेली ही मर्यादा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

कोरड्या हवेचे गणित पावसाळ्यातील अरण्याच्या हवेला जसेच्या तसे लागू पडत नाही. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या संपृक्त हवेत दर शंभर रेणूंत सुमारे चार पाण्याचे असतात. पाण्याच्या रेणूचे द्विध्रुव परिबल १.८५ डिबाय आहे. स्थिर द्विध्रुवाचे परिबल १.६२५ डिबायहून अधिक असेल, तर तो इलेक्ट्रॉनाला बांधू शकतो, असा फर्मी आणि टेलर यांच्या १९४७ च्या विचारातून निघालेला सुप्रसिद्ध निकष आहे. पाण्याचा एकटा रेणू परिभ्रमण करीत असल्याने प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनाला बांधून ठेवीत नाही. परंतु त्याचे दूरवर पोहोचणारे वर्चस् मंद इलेक्ट्रॉनांचे प्रकीर्णन फार मोठ्या प्रमाणावर घडवून आणते. शिवाय ऑक्सिजनाच्या संलग्नतेत 'तिसरा रेणू' म्हणून पाणी नायट्रोजनाहून अधिक परिणामकारक ठरते. विजेच्या आसपासच्या तप्त हवेत कंपन पावणारे रेणू आणि तुटलेले मूलकही असतात. त्यांच्यावर प्रयोग करणे अवघड असल्याने तेथे सिद्धांताचे गणित हाच बहुधा मुख्य आधार उरतो. आणि म्हणूनच ते गणित कितपत विश्वासार्ह आहे हे आधी नायट्रोजनासारख्या परिचित रेणूवर पारखून घ्यावे लागते.

९. उपसंहार

या गणिताने हेमलकशाच्या बांधीवर उद्या वीज पडेल किंवा नाही, हे सांगता येणार नाही. ते काम निरीक्षणाचे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने त्यासाठी विजांचे स्थान टिपणारे जाळे उभारले असून 'दामिनी' हे मोबाइलवरील साधन लोकांना इशारा देते. सिद्धांताचे क्षेत्र निराळे आहे. विजेची पहिली ठिणगी हवेत कशी वाढते, ओलाव्याने तिच्यात काय फरक पडतो, वीजरोधकाच्या टोकापाशी काय घडते, या प्रश्नांची जी प्रतिमाने आज रचली जातात, त्यांच्या पायाशी काटच्छेदांची कोष्टके असतात. कोष्टकातील आकडा कोणत्या गृहीतावर उभा आहे हे न पाहता तो उचलणे, हा या विषयातील सर्वांत सामान्य दोष होय.

म्हणून कोणतेही गणित हाती आले की तीन प्रश्न विचारावेत. रेणूने पाहुण्याची दखल घेतली आहे काय, म्हणजे ध्रुवीकरण व सहसंबंध यांचा विचार केला आहे काय? मूळ रेणू आणि त्याचा ऋण आयन यांना सारखीच वागणूक मिळाली आहे काय? अणुकेंद्रांना हलू दिले आहे काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तरच त्या आकड्यावर पुढची इमारत उभारावी.

या कामाला मोठ्या निर्वात यंत्रणेची गरज नाही. आर-मॅट्रिक्स पद्धतीचे 'यूकेआरमॉल-प्लस' हे गणनसाहित्य आज खुले उपलब्ध आहे, आणि जगभरच्या काटच्छेदांची 'एलएक्सकॅट' ही कोष्टके कोणासही पाहता येतात. २०११ साली गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षणासाठी हक्काचे विद्यापीठ मिळाले आहे. नायट्रोजनाचे अनुस्पंदन प्रथम गोठलेल्या रेणूवर आणि नंतर ध्रुवीकरणासह काढणे, दोन्ही उत्तरे ऊर्जेच्या वितरणाच्या समीकरणात घालून आयनीभवनाच्या दरातील फरक पाहणे, आणि मग त्याच हवेत चार टक्के जलबाष्प मिसळणे, हा प्रबंधिकेसाठी उत्तम विषय आहे. त्याला एक संगणक, एक वर्ष आणि चिकाटी एवढे भांडवल पुरेल.